वचनाखालचे नाव

मननासाठी शास्त्रभाग : यिर्मया २३:२५-३२, २ थेस्सलनीकाकरांस ३:१७



माघ पौर्णिमेच्या सुमारास धारवाड-बेळगावकडचे शेतकरी बैलगाड्या जुंपून जोयडा तालुक्यातल्या रानातून उळवीला येतात. लिंगायत समाजाचे हे मोठे तीर्थ. बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा यांची समाधी इथे आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे उळवीशी नाते शेजाऱ्याचे : एकच बस, एकच बाजार, जत्रेतली दुकाने. पण दुसऱ्याचे लिखाण उचलून आपले म्हणून छापण्याविषयी आज लिहायचे आहे, आणि त्याची सुरुवात मी मुद्दाम उळवीपासून करते आहे. कारण या गावाची कथाच मुळी लिखाण वाचवण्याची आहे.

बाराव्या शतकात कल्याण नगरीत बसवण्णांभोवती शरणांचा मेळा जमला. त्यात नावाडी होते, धोबी होते, चांभार होते, दोरखंड वळणारे होते, अक्क महादेवींसारख्या स्त्रिया होत्या. ही माणसे लोकांच्या बोलीत, साध्या कन्नडात वचने म्हणत. पुढे ब्राह्मण मधुवरसांची मुलगी आणि चांभार हरळय्यांचा मुलगा यांच्या लग्नावरून बिज्जळ राजाच्या राजधानीत आगडोंब उसळला आणि शरणांची पांगापांग झाली. परंपरा असे सांगते की चन्नबसवण्णा आणि त्यांचे सोबती वचनांचे गठ्ठे घेऊन, मागे लागलेल्या सैन्याला तोंड देत, पश्चिमेकडे निघाले आणि उळवीच्या दाट रानात येऊन पोचले. जीव घेऊन पळणारा माणूस गाठोड्यात काय बांधतो यावरून त्याला काय मोलाचे वाटते ते कळते. यांच्या गाठोड्यात ताडपत्रे होती.

त्यानंतर सातशेहून अधिक वर्षांनी विजापूरचे फ. गु. हळकट्टी घरोघरी आणि मठामठांतून जुन्या पोथ्या गोळा करत फिरले. १९२३ साली त्यांनी 'वचनशास्त्रसार' प्रसिद्ध केले. आता प्रश्न असा, की शेकडो वर्षे हाताने उतरवलेल्या, एकमेकींत मिसळलेल्या त्या पोथ्यांतले कोणते वचन कोणाचे, हे ओळखायचे कसे? उत्तर वचनातच होते. प्रत्येक शरणाची एक ठरलेली खूण असते, तिला अंकित म्हणतात. बसवण्णांच्या वचनाच्या शेवटी 'कूडलसंगमदेव' येते, अल्लमप्रभूंच्या शेवटी 'गुहेश्वर', अक्क महादेवींच्या शेवटी 'चन्नमल्लिकार्जुन'. काही शरणांचे तर नावगावही उरलेले नाही, फक्त अंकित उरले आहे. तेवढ्यावर त्यांची वचने त्यांची म्हणून वेगळी काढता येतात.

या अंकितात मला एक गोष्ट फार मोठी वाटते. बसवण्णा शेवटी 'बसव म्हणे' असे लिहीत नाहीत. ते आपल्या देवाचे नाव घालतात. स्वतःला मागे ठेवून देवाला पुढे करतात, आणि तरीही ते वचन कोणाचे याविषयी शंका उरत नाही. 'सगळा गौरव देवाला' आणि 'हे अमुक माणसाने लिहिले' या दोन गोष्टी एकाच ओळीत सुखाने नांदतात. पुढे याकडे परत यावे लागेल, कारण आपल्या मंडळ्यांत या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध उभ्या केल्या जातात.

आपल्या मराठीतही हीच रीत आहे. 'नामा म्हणे', 'तुका म्हणे' ही नाममुद्रा आपण लहानपणापासून ऐकतो. आणि मुद्रा आली की ती पुसणारेही आले. तुकोबांच्या हयातीतच त्यांच्या अभंगांत आपले नाव घालून ते गाणारे लोक निघाले होते. गाथेत सालोमालो हे नाव येते ते त्याच संदर्भात, असे वारकरी परंपरा सांगते. मोबाइल आला म्हणून माणसे चोर झाली, असे जे आपण म्हणतो त्याला काही अर्थ नाही. सालोमालोला कागद-शाई तरी लागली असेल, आता अंगठा पुरतो, एवढाच फरक.

उळवीच्या या वारशाविषयी आपल्या काळातही एक मोठे प्रकरण झाले. बसव धर्मपीठाच्या प्रमुख माते महादेवी यांनी बसवण्णांच्या वचनांचे 'बसव वचन दीप्ती' हे पुस्तक संपादित केले, आणि त्यात 'कूडलसंगमदेव' या अंकिताच्या जागी 'लिंगदेव' असे छापले. त्यामागे त्यांची स्वतःची धार्मिक कारणे होती. पण समाजात क्षोभ उसळला. १९९८ साली कर्नाटक सरकारने ते पुस्तक जप्त करण्याचा आदेश काढला, प्रकरण न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा आदेश कायम ठेवला. दुसऱ्या धर्माच्या घरातल्या वादाचा निवाडा करणे हे आपले काम नाही. पुस्तकावर बंदी घालणे हा उपाय मला स्वतःला फार जड वाटतो, हेही सांगून टाकते. मला त्यातली एकच गोष्ट पाहायची आहे. बसवण्णांना जाऊन आठशे वर्षे झाली. त्यांच्या वचनांवर कुणाचाही कॉपीराइट नाही. कोणीही छापावीत, गावीत, वाटावीत. खटला भरला गेला तोसुद्धा कॉपीराइटच्या कायद्याखाली नव्हता, धार्मिक भावना दुखावल्याच्या मुद्द्यावर होता. मालक कोणीच नाही, पैशाचा प्रश्न नाही, आणि तरीही शेवटचा एक शब्द बदलल्यावर लाखो माणसांना वाटले की आपल्या घरातले काहीतरी ओरबाडून नेले. छापण्याचा हक्क संपतो. लिहिणाऱ्याच्या नावाचे देणे तसे संपत नाही.

आता आपल्याकडे येऊ.

रोज सकाळी आपल्या फोनवर मनने येतात, प्रार्थना येतात, साक्षी येतात. कोणाच्या आहेत हे शंभरातल्या नव्वद वेळा कळत नाही. ज्यांच्याखाली नाव असते त्यांचे नाव खरे असेलच याचीही खात्री नाही. पाळकांच्या उपदेशाचे टिपण कोणीतरी काढतो, ते दुसऱ्या गावातला उपदेशक जसेच्या तसे आपल्या नावाने बोलतो, तिसरा ते छापतो. गाण्याचे तेच. चाल एकाची, शब्द दुसऱ्याचे, आणि चित्रफितीवर नाव तिसऱ्याचे, शिवाय 'शब्द व संगीत' म्हणून.

यातले पुष्कळ आपण हसून सोडून देतो. पण गेल्या वर्षी लेंटच्या दिवसांत जे घडले ते मला सोडून देता आले नाही. आमच्या ओळखीच्या एका बहिणीने आपल्या मुलीच्या आजारपणावर लेख लिहिला होता. मूत्रपिंडाचा आजार, दोन वर्षांचे डायलिसिस, हुबळीच्या फेऱ्या, रात्री बाकावर बसून केलेल्या प्रार्थना. मुलगी वाचली नाही. लेखाच्या शेवटच्या दोन परिच्छेदांत ती लिहिते की त्यानंतर कित्येक महिने मला प्रार्थना करता आली नाही, आणि एका वृद्ध सिस्टरने कोणताही उपदेश न करता स्तोत्र ८८ वाचून दाखवले, जे अंधारातच संपते. असे स्तोत्र बायबलात आहे हे कळल्यावर तिला पुन्हा चर्चमध्ये पाऊल टाकता आले. फार थोड्यांना असे लिहिता येते.

तीन आठवड्यांनी तोच लेख फिरत आला. नाव दुसऱ्याचे, एका सुवार्तिकाचे. 'माझी मुलगी' तशीच, बाकही तसाच, हुबळीच्या जागी दुसरे शहर. शेवटचे दोन परिच्छेद गेलेले. त्यांच्या जागी मुलगी पूर्ण बरी झाली, डॉक्टर थक्क झाले, आणि खाली प्रार्थनेसाठी एक फोन नंबर. हा मजकूर त्या बहिणीला कोणी पाठवला? लांबच्या एका परिचित बाईने, चांगल्या हेतूने. सोबत लिहिले होते, 'ताई, हे वाचा, तुम्हाला धीर येईल.'

या गोष्टीला चोरी म्हणावे का, याचा मी बराच विचार केला. चोरी झाली की वस्तू मालकाच्या घरातून जाते. तिचा लेख तर तिच्याकडेच आहे, एक अक्षरही कमी झालेले नाही. म्हणून तर लोक म्हणतात, 'त्यात काय बिघडले?' माझे मत असे झाले आहे की आपण चुकीच्या आज्ञेकडे पाहतो आहोत. चोरी करू नको या आज्ञेच्या लगेच पुढची आज्ञा आहे, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. (कॅथलिक मोजणीत या सातवी-आठवी, प्रॉटेस्टंट मोजणीत आठवी-नववी. यावरून युवकांच्या शिबिरात एकदा चांगलीच जुंपली होती.) दुसऱ्याच्या लेखाखाली आपले नाव घालणारा माणूस सगळ्या मंडळीपुढे उभा राहून सांगतो की हे मी भोगले, हे मी पाहिले, देवाने हे माझ्याशी केले. आपल्या मंडळ्यांत 'साक्ष' या शब्दाला केवढे वजन आहे. रविवारी कोणी साक्ष द्यायला उभा राहिला की आपण मान खाली घालून ऐकतो, कारण आपण धरून चालतो की हा देवासमोर बोलतो आहे. उसनी साक्ष ही त्या जागेवरून बोललेली खोटी साक्ष आहे. आणि ती ऐकून ज्या आईने स्वतःच्या मुलासाठी तो नंबर फिरवला असेल, तिचे काय?

यिर्मयाच्या तेविसाव्या अध्यायात नेमकी हीच माणसे भेटतात. मला स्वप्न पडले, मला स्वप्न पडले, असे सांगत फिरणारे संदेष्टे. त्यांच्याविषयी परमेश्वर म्हणतो की हे एकमेकांपासून माझी वचने चोरतात, आणि मी यांच्या विरुद्ध आहे. लक्षात घ्या, चोरलेली वचने देवाचीच आहेत असे तिथे म्हटले आहे. शब्द खरे असतील, पवित्र असतील, तरीही ते शेजाऱ्याकडून उचलून 'मला मिळाले' म्हणून सांगणे देवाला खपत नाही. या एका वचनाने आपल्याकडची सगळ्यात लाडकी सबब निकालात निघते.

ती सबब म्हणजे, 'सगळे देवाचेच आहे, माणसाचे नाव कशाला हवे? गौरव प्रभूला जाऊ द्या.' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याच्या पाठोपाठ काय येणार हे मला ठाऊक असते. बहुतेक वेळा बोलणाऱ्याचे स्वतःचे नाव, फोटोसह. मूळ नाव काढून तिथे कोरी जागा सोडलेली मी क्वचितच पाहिली. अंकितात बसवण्णांनी आपले नाव स्वतः मागे घेतले. ते त्यांचे अर्पण होते. मी दुसऱ्याचे नाव काढून देवाला गौरव दिला म्हणणे म्हणजे शेजाऱ्याची कोंबडी आपल्या नावाने सणाच्या अर्पणात घालण्यासारखे.

दुसरी सबब मत्तय १०:८ ची. फुकट मिळाले, फुकट द्या. जरूर द्या. पण हे सांगितले ते ज्यांना मिळाले त्यांना. लिहिणाऱ्याने फुकट द्यावे, हे लिहिणाऱ्याने ठरवायचे. आणि त्याच प्रभूने कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे असेही सांगितले आहे, हे ख्रिस्ती पुस्तके छापणाऱ्या, तोट्यात मासिके चालवणाऱ्या माणसांसाठी विसरून चालत नाही. तीनशे प्रती छापून दीडशे खपवण्यासाठी दारोदार फिरलेल्या लेखकाचे पुस्तक कोणी सगळे स्कॅन करून वाटले, तर त्यात सुवार्ता पसरते असे मला मुळीच वाटत नाही. पुढचे पुस्तक निघत नाही, एवढे नक्की होते.

पवित्र शास्त्र स्वतः नावांविषयी किती काटेकोर आहे ते पाहा. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्या चार वचनांतच सांगतो की माझ्याआधी पुष्कळांनी लिहिले आहे आणि प्रत्यक्ष पाहिलेल्यांनी आम्हाला सांगितले. अथेन्समध्ये पौल ग्रीक कवींचे शब्द वापरतो तेव्हा हे तुमच्याच कवींचे आहे असे सांगून वापरतो. रोमकरांस पत्राच्या शेवटी लेखनिक तर्तियाचा सलाम आहे. पौलाने सांगितले, याने लिहून घेतले, आणि त्याचे नाव दोन हजार वर्षे टिकले. आणि थेस्सलनीकाकरांस दुसरे पत्र तर आपल्याच काळासाठी लिहिल्यासारखे आहे. आमच्याकडून आले असे भासवणाऱ्या पत्राने घाबरून जाऊ नका, असे पौल दुसऱ्या अध्यायात सांगतो, आणि तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी स्वतःच्या हाताने सलाम लिहून म्हणतो, माझ्या प्रत्येक पत्राची हीच खूण. अंकितच म्हणा ना ते.

आता कायद्याविषयी थोडे. आपल्याकडे भीती फार आणि माहिती कमी आहे. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याप्रमाणे साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. त्यासाठी नोंदणी करावीच लागते असे नाही. लिहिले की हक्क निर्माण होतो. त्यामुळे 'इंटरनेटवर होते, म्हणजे सगळ्यांचे' ही समजूत साफ चुकीची आहे. उलट बाजूही आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गाणे किंवा वाजवणे याला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, म्हणून रविवारच्या उपासनेत गाणे गाताना कोणी घाबरू नये. पण ही सूट विधीत सादर करण्यापुरती आहे. तेच गाणे छापून पुस्तक विकणे, किंवा त्याची चित्रफीत करून त्यावर जाहिरातीचे पैसे मिळवणे हे त्यात बसेल असे धरून चालू नये. टीका-परीक्षणासाठी थोडा उतारा देणेही चालते. पण सगळा लेख उचलून वर 'साभार' लिहिले म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. हा 'साभार' शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. आभार कोणाचे, तेच पुष्कळदा लिहिलेले नसते.

आणि कलम ५७ मला सगळ्यात ख्रिस्ती कलम वाटते, म्हणजे ते करणाऱ्यांच्या मनात तसे काही नसणारच. त्यात म्हटले आहे की लेखकाने आपले आर्थिक हक्क पूर्ण विकून टाकले, तरी हे माझे आहे असे म्हणण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो, आणि त्याची अप्रतिष्ठा होईल अशी मोडतोड कोणी केली तर तो दाद मागू शकतो. त्या बहिणीचे शेवटचे दोन परिच्छेद कापले गेले, तेव्हा हाच हक्क तुडवला गेला. तिला कोर्टात जायचे नव्हते. तिला नुकसानभरपाईही नको होती. तिने त्या सुवार्तिकाला फोन करून एवढेच म्हटले की माझे नाव घालू नका हवे तर, पण माझी मुलगी गेली आहे, तिला बरी करू नका. मजकूर काढला गेला. तोवर तो कुठे कुठे पोचला होता ते देवालाच ठाऊक.

एवढे वाचून कोणी म्हणेल की मग पुढे पाठवणेच बंद करू. तसे मला अजिबात म्हणायचे नाही. नक्कल केली म्हणूनच आपला वारसा टिकला. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले आणि इथलेच झाले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. मग पुराण कसे राहिले? गोव्यातून कानडा किनाऱ्याकडे आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते सोबत आणले, हाताने उतरवले, घरात वाचले, गायले. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले. उळवीला वचनांचे गठ्ठे आले, आणि त्याच सह्याद्रीच्या कडेकडेने काही शतकांनी आपले पुराण गेले. उतरवून घेणाऱ्या त्या माणसांची नावे बहुतेक आपल्याला माहीत नाहीत. त्यांनी शेकडो पाने लिहिली, हात मोडेपर्यंत, आणि ते पुराण आजही फादर स्टीफन्स यांचेच आहे.

त्याच स्टीफन्सच्या कोकणी व्याकरणाचे मुखपृष्ठ तर आपल्या सगळ्या संपादकांनी पाहावे. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली रायतूरला छापले गेले. वर लिहिले आहे की हे फादर स्टीफन्स यांनी रचले, फादर दियोगो रिबेरो यांनी त्यात भर घातली, आणि आणखी चार पाद्र्यांनी ते तपासून दुरुस्त केले. लेखक वारून एकवीस वर्षे झाली होती. विचारायला कोणी येणार नव्हते.

आणि लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड टिळकांनी सुरू केलेले 'ख्रिस्तायन' १९१९ साली त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. नवऱ्याचे नाव एवढे मोठे, की सगळे त्यांचेच म्हणून छापले असते तर कदाचित जास्त खपले असते. आणि सगळे आपले म्हणाल्या असत्या तरी त्यांचाच वाटा मोठा होता. पण टिळकांचा हात कुठे थांबला आणि लक्ष्मीबाईंचा कुठे सुरू झाला हे आज आपल्याला सांगता येते, कारण त्यांनी ते लपवले नाही.

टिळकांचे नाव निघाले म्हणून आता जरा घरचे बोलते. टिळक, कृष्णराव सांगळे आणि त्या पिढीतल्या कवींची गीते आपल्या मंडळ्यांत दर रविवारी गायली जातात. टिळकांच्या लिखाणावरचे हक्क केव्हाच संपले आहेत. गीते कोणीही छापावीत. जुन्या उपासना-संगीताच्या पुस्तकात गीताबरोबर कवीचे नाव असे. मग झेरॉक्सची पत्रके आली, नाव खालच्या कडेला असल्यामुळे कापले गेले. मग पडद्यावर शब्द दाखवायला लागलो, आणि जागा वाचवण्यासाठी नाव पहिले उडवले. आता कॉन्फर्मेशनच्या वर्गातल्या मुलांना विचारले की हे गीत कोणाचे, तर ज्या गायकाच्या चित्रफितीवर त्यांनी ते ऐकले त्याचे नाव सांगतात. मुलांचा काय दोष? टिळक आपल्या अभंगांत 'दास म्हणे' अशी मुद्रा घालत. तो दास कोण, हे सांगणारी एक ओळ आपण जागेअभावी काढली, आणि त्याच पडद्यावर वर्गणीदारांच्या नावांना मात्र जागा असते.

पंडिता रमाबाईंचे बायबल भाषांतरही तसेच. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून आयुष्याची शेवटची वर्षे त्या त्यावर खपल्या, १९२२ साली त्या गेल्या, आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते छापले गेले. त्याचेही हक्क उरलेले नाहीत. कोणी ते वापरले तर कायदा काही विचारणार नाही. मग विचारायचे कोणी, तर आपण. (आज आपण रोज वापरतो त्यांतल्या पुष्कळ मराठी भाषांतरांचे हक्क मात्र बायबल सोसायटीसारख्या संस्थांकडे आहेत, पुस्तिकेत वचने छापताना कोणते भाषांतर ते लिहावे आणि मोठा भाग घ्यायचा असेल तर विचारावे.)

यंत्राकडून प्रवचन लिहून घेण्याचा नवा प्रकारही सुरू झाला आहे. त्यावर कधीतरी वेगळे लिहीन. सध्या एवढेच, की 'प्रभूने आज मला दाखवले' असे म्हणून ते वाचू नये.

आमच्या पॅरिशमध्ये फादरांच्या संमतीने ठरले आहे की येत्या आगमनकाळापासून गाण्यांच्या पत्रकावर आणि पडद्यावर प्रत्येक गीताखाली कवीचे नाव येईल, चाल कोणाची हे माहीत असेल तर तेही. दुसऱ्याचे मनन वाचून दाखवायचे असेल तर आधी नाव सांगायचे, मग वाचायचे. हयात लेखकाचा लेख छापायचा असेल तर फोन करून विचारायचे. आजवर ज्यांना विचारले त्यांतल्या एकानेही नाही म्हटलेले नाही, उलट दोघांनी आनंदाने नवे लेख पाठवले. ज्याचा कवी कळत नाही त्याखाली 'कवी अज्ञात' असे छापायचे, जागा कोरी ठेवायची नाही. आपल्या पत्रकात सध्या बेचाळीस गीते आहेत. एकतीस कवी सापडले. उरलेली अकरा बहुधा कोणाच्या तरी आजीच्या वहीत नावासकट असतील. जुन्या लोकांना गीत उतरवून घेताना खाली नाव लिहायची सवय होती. अशी वही ज्यांच्या घरी असेल त्यांनी रविवारी उपासनेनंतर ती घेऊन यावी. वही मी घरी नेणार नाही, तिथेच बसून उतरवून घेईन.